उघाडीवरची हाक

बातमी आली तेव्हा मी गिरणीत उभी होते. दिवाळी पंधरवड्यावर आली होती आणि अलिबागच्या आमच्या आळीतल्या बायका भाजणीचे डबे घेऊन रांगेत होत्या. माझ्या डब्यात नुसते तांदूळ होते. पूनमला, माझ्या धाकट्या बहिणीला, जाऊन वर्ष व्हायचं होतं. यंदा फराळ नव्हता; पण भाकरीला पीठ तर लागतंच.

फोन विनेशचा होता, पूनमच्या नवऱ्याचा. गिरणीच्या घरघराटात एवढंच ऐकू आलं, "ताई, जागूनं तिघांना धरून दिलं!"

मी बाहेर रस्त्यावर आले. मग त्यानं नीट सांगितलं. त्यांचं खारशेत गाव रेवदंड्याच्या खाडीवर, आतल्या अंगाला. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध. आदल्या दिवशी सगळं गाव त्या बांधाच्या दुरुस्तीचा अर्ज द्यायला अलिबागला आलं होतं, आणि तेवढी वेळ साधून तिघेजण बांध फोडायला उतरले. पौर्णिमेचं उधाण होतं. बांध फुटला असता तर रात्रीच्या भरतीचं खारं पाणी कापणीला आलेल्या भातात शिरलं असतं. एकदा ते शिरलं की जमीन पुढं कित्येक वर्षं पिकत नाही, आणि मग ती मातीमोलानं घ्यायला माणसं टपलेलीच असतात. गावात म्हातारी माणसं आणि पोरंसोरं तेवढी होती. अकरा वर्षांच्या जागृतीनं, माझ्या भाचीनं, त्या तिघांना फसवून चिखलात नेलं आणि तिथंच रुतवून ठेवलं.

मी मोठ्यानं हसले. कित्येक महिन्यांनी असं हसले असेन. गिरणीवाला निकेत डोकावला, तेव्हा त्यालाही सांगून टाकलं.

"काकू, ही पोरगी फौजदार होणार बघा," तो म्हणाला.

विनेश अजून फोनवरच होता.

"ताई, तू येशील का?"

"येते की. काय आणू तिला?"

"काही नको. कालपासून जेवली नाही ती. आणि आपल्याकडं बघते ना... तू ये फक्त."

मला मूलबाळ नाही. पूनम माझ्याहून पुष्कळ लहान, आई लवकर गेली म्हणून माझ्याच हाताखाली वाढली. तिचं या जगात जे काही उरलं होतं ते म्हणजे ही मुलगी. पीठ गिरणीतच ठेवून मी निघाले.

रेवदंड्याला रिक्षा बदलली. पुढचा रस्ता खाडीच्या कडेकडेनं जातो. एका बाजूला पिवळं पडलेलं भात, दुसऱ्या बाजूला ओहोटीनं उघडा पडलेला चिखल, काळा आणि चकचकीत. पिकल्या भाताचा गोड वास आणि चिखलाचा कुजका वास एकाच वाऱ्यावर येत होते. रिक्षावाल्यालाही बातमी कळलेली होती. कोणाकडं जायचं ते सांगितल्यावर त्यानं भाडं घेतलं नाही.

घराच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. जागूचे आजोबा बाबाजी ओट्यावर बसले होते. आजी, ठमाबाई, दारातच मला बिलगली आणि कानाशी म्हणाली, "तू आलीस बरा झाला, बाय."

जागू मागच्या पडवीत होती. खाडीच्या दिशेला पाठ करून. केस ओले होते.

"आत्ताच न्हालीस होय गं?"

तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही. मी तिला जवळ घेतलं. ती आली, पण तिचे हात दोन्हीकडं लोंबतच राहिले. एरवी ही मुलगी मला पाहिलं की पाठीवर उडी मारायची.

"सांग बरं मला सगळं," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

"एक मुलगी होती," ती म्हणाली.

मला वाटलं, गंमत करते आहे. गोष्टी सांगायचा नाद तिला पूनमनंच लावला होता.

"त्या मुलीनं पाहिलं की तीन माणसं उघाडीपाशी खणतायत. बाहेरच्या अंगानं, गावातून दिसू नयेत म्हणून. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांनी तिलाच धरलं असतं. मग ती रडत रडत त्यांच्याकडं गेली."

उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायला बांधाच्या पोटात ठेवलेलं दार. बांधाची सगळ्यांत नाजूक जागा तीच.

"रडत कशाला?"

"खोटं खोटं. म्हणाली, काका, मला लपवा. मी शाळा बुडवलीय. सगळा गाव टेम्पोनं परत आलाय, देवळापाशी उतरतायत. आजोबांच्या हातात काठी आहे, मला मारतील."

"काय चोर आहेस गं!"

जागू हसली नाही. तिचा आवाज सपाट होता, पाठ केलेला धडा म्हणावा तसा.

"त्यांना वाटलं, ही पण आपल्यासारखीच. मग ती म्हणाली, बांधावरून गेलात तर सापडाल. बायका तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचायला जातात ती चिखलातली वाट मला माहितीये, पुलापाशी निघते. माझ्यामागून या. चिखलाखाली जुने खुंट आहेत, मावशी. पाय खुंटावर पडला तर माणूस जात नाही. ती खुंटांवरून गेली. ते तिच्यामागून गेले, पण त्यांना खुंट दाखवलेच नव्हते. कमरेपर्यंत गेले."

"आणि मग?"

"मग ती म्हणाली, काका, फावडी द्या इकडं, त्यांना धरून ओढते. त्यांनी दिली. तिनं ती लांब फेकून दिली. मग म्हणाली, मोबाईल भिजेल, माझ्याकडं द्या. एकानं दिला. त्याच मोबाईलवरून तिनं पप्पांना फोन केला."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पूनम असती तर तिनं हे सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं असतं.

"मग?"

"मग ती परत निघाली."

"खुंटांवरूनच?"

"अंधार पडत होता."

"बरं. मग?"

बाहेर भरती चढत असावी. उघाडीच्या झडपेवर पाणी आपटल्याचा लाकडी आवाज दोनदा आला.

"मग लोक आले," जागू म्हणाली.

"आणि ती मुलगी? ती कशी आली चिखलातून?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. फोनवर विनेश काय सांगत होता ते मला तेव्हा समजलं. अनोळखी बाईनं घरात येऊन नको ते विचारावं आणि आपण तिला सांभाळून घ्यावं, तशी ती नजर होती.

पुढचे काही दिवस मी तिथंच राहिले. सरपंच येऊन गेले, शाल आणि नारळ देऊन गेले. जागू मान खाली घालून बसून राहिली. विनेशनं तिला अलिबागला डॉक्टरांकडं नेलं. रक्त चांगलं, छाती चांगली, भीती बसली आहे, जाईल हळूहळू. त्याला उरणला बंदरावर ट्रेलर चालवायला परत जाणं भाग होतं. "ताई, तूच बघ आता," असं म्हणून तो गेला.

ती जेवत नव्हती. भाताचा घास तोंडाशी नेई आणि खाली ठेवी. तिच्या आवडीचं जिताडा माशाचं कालवण ठमाबाईनं केलं, तर वासानंच उठून गेली. केळं खाई, दूध पिई, बस्स. गालफडं वर आली होती. पूनम शेवटी शेवटी अशी दिसायची.

एका सकाळी मी मुगाची खिचडी टाकली. माझं लक्ष कशातच नव्हतं. जागूपुढं ताटली ठेवली आणि ती खाऊ लागली. भराभर, मान वर न करता. आणखी मागितली. मला रडू आलं. मी ठमाबाईला हाक मारून आणलं, बघा, बघा म्हणून. म्हातारी खूश झाली, पातेल्याच्या कडेची शितं बोटानं घेऊन तिनं तोंडात टाकली.

तिचा हात तसाच राहिला.

"बाय... यान मीठ न्हाय."

"विसरले वाटतं. आता घालते."

"नको घालू," ती हळूच म्हणाली आणि मला हाताला धरून ओट्यावर बाबाजींकडं घेऊन गेली.

बाबाजी ऐकून घेत होते. तोंडातली तंबाखू त्यांनी बाहेर जाऊन थुंकली, चूळ भरली, मग येऊन बसले.

"जागूचा पुकारा राह्यला," ते म्हणाले.

मला समजेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. बांधाला भगदाड पडलं की अख्खा गाव चिखलात उतरून ते बुजवतो. काम झालं की वडीलधाऱ्यानं बांधावर उभं राहायचं आणि चिखलात उतरलेल्या एकेकाला घरच्या नावानं हाक मारायची. ज्याचं नाव येईल त्यानं हात धरून बांधावर यायचं आणि 'वर आलो' म्हणायचं. एकही नाव सुटता कामा नये. त्या रात्रीही त्या तिघांनी खणलेलं भगदाड गावानं उधाण यायच्या आत बुजवलं. बाबाजींनी कंदिलाच्या उजेडात पुकारा केला. उतरलेले सगळे वर आले.

"जागूला तवा पोरांनी खांद्यावर घेतलेली. गुलाल उडवत होती. ती आमच्यासंगती चिखलान नव्हतीच, मंग तिला पुकारायची कशी? ती आधी उतरलेली... कुनाच्या ध्यानातच न्हाय आला."

"पण ती तर वरच होती ना, आजोबा? पोरांनी खांद्यावर घेतलेली म्हणता."

"व्हय. उघाडीवर उभी होती. गल्यापर्यंत चिखल. त्या तिघांना फल्या टाकून काढला. त्यातला एक सारखा बोंबलत होता, आधी पोरीला काढा, आधी पोरीला काढा. आमी म्हटला, भीतीनी येडा झाला. पोर तं खांद्यावर हाय."

ओट्यावर ऊन होतं. तरी मी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"माझा थोरला भाव विठोबा," बाबाजी म्हणाले. "त्याचाबी राह्यलेला. आमचा बापूस पुकारा करत होता आनी विठोबा बाजूला इडी वढत बसला. घरी आला, निजला. दुसऱ्या दिसापासून अलनी जेवायला लागला. मरेपर्यंत. लगीन झाला, पोरा झाली. वाईट नव्हता. कुनाला वाईट बोलला न्हाय की कुनावर हात टाकला न्हाय."

"मग?"

"आये एकदा वहटीला बांधावर गेली आनी हाक मारली. घरान विठोबा निजलेला हाय... आनी चिखलातनं वो आली."

ठमाबाईनं तोंडाला पदर लावला.

"बापानी तिला वडून आनली. दोघांना जागा नसते, बाय. एक वर आला का दुसरा जातो. घरान हाय त्याला घालवायचा का, हा बघायचा. आये त्या दिसापासून गप झाली ती झालीच."

"तुम्ही हाक मारा, आजोबा. जागूला."

"मी न्हाय मारनार," ते म्हणाले. "माझ्यान व्हनार न्हाय. पोर समोर बसून जेवते."

ओहोटी तेव्हा भर दुपारी येत होती. ठमाबाई आडवी झाली होती, जागू तिच्या कुशीत डोळे मिटून होती. मी चप्पल न घालताच निघाले. मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी वाटेत स्वतःला सांगत होते. विश्वास नाही तर मग हाक मारायला हरकत कसली, हेही सांगत होते.

उघाडीपाशी कोणी नव्हतं. नवीन भरलेली माती कोरडी पडून तिला भेगा गेल्या होत्या. खाली चिखल दूरवर पसरला होता, त्यावर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडे ठेवता येईनात. लहान लहान बिळांतून बुडबुडे फुटण्याचा आवाज सगळीकडून येत होता. वारा नव्हता. ते तिघे जिथं रुतले होते तिथं अजून तीन मोठे खळगे दिसत होते, पाण्यानं भरलेले. आणि त्यांच्या अलीकडं, बांधापासून फार लांब नाही, एक चौथा. लहान.

मी हाक मारली.

"जागू..."

बुडबुडे थांबले.

"जागू गं..."

"ओ!"

आवाज मोकळा होता. धावून धाप लागलेला, हसू दाबलेला. तो आवाज मी त्या घरात इतक्या दिवसांत एकदाही ऐकला नव्हता, आणि ऐकला नव्हता हे मला त्याच क्षणी कळलं.

"मावशी! तू कधी आलीस?"

मी उतारावर एक पाऊल पुढं टाकलं.

"पुढं येऊ नको हं, इथं मऊ आहे. ते पकडले गेले का गं? तिघंही?"

"हो..." मी म्हणाले. "पकडले. तू... कुठं आहेस?"

"इथंच आहे. कोणी हाकच मारली नाही मला. मी किती वेळ ऐकत होते, सगळ्यांना मारली, मला नाही. थांब तू तिथंच, मी येते. हात दे फक्त."

लहान खळग्यातलं पाणी हललं. मी बांधाच्या उतारावर बसले, पाय रोवले आणि हात पुढं केला. एवढंच करायचं होतं. नाव घ्यायचं, आणि हात धरून वर घ्यायचं.

तेव्हा पाठीमागून माझ्या दुसऱ्या हाताला कोणीतरी धरलं.

ती होती. घरातली. झोपेतून उठून अनवाणी आली होती, फ्रॉकवर चटईचे वळ उमटलेले. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ थरथरत होते. पूनम लहानपणी काळोखाला घाबरली की अशीच माझा हात दोन्ही हातांनी धरायची.

"घरी चल ना, मावशी."

मी हात सोडवून घ्यायला पाहिलं. तिनं आणखी घट्ट धरला. तो हात गरम होता. त्यात नाडी उडत होती, ती मला लागत होती.

"तिला बोलावलंस तर मी कुठं जाऊ?" ती म्हणाली.

इतक्या दिवसांत ती आपणहून पहिल्यांदाच काही बोलत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, साधं, कोणत्याही मुलाच्या डोळ्यांतून येतं तसं.

"मावशी?" खालून आवाज आला. "कोण आहे गं तिथं?"

मी दोघींच्या मध्ये किती वेळ बसून होते ते सांगता येणार नाही. खाडीच्या तोंडाकडून पाण्याची पहिली रेघ चिखलावर चढू लागली होती. माझा पुढं केलेला हात दुखायला लागला होता. तो रिकामाच होता. दुसऱ्या हातात एक मूल होतं, रडत होतं, आणि त्याला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पूनमचा हात सुटला तेव्हा तो आधी कसा गार होत गेला होता ते मला आठवत होतं.

मी उठले. तिला कडेवर घेतलं, अकरा वर्षांच्या मुलीला. ती हलकी होती. बांधावरून येताना मी मागं पाहिलं नाही. मागून हाका येत होत्या. आधी मोठ्या, मग जरा विचारल्यासारख्या, मग पाण्याचाच आवाज.

ओट्यावर बाबाजी उभे होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता दार उघडून धरलं.

आता ती माझ्याकडं अलिबागला असते. विनेशलाही तेच बरं वाटलं. शाळेत नाव घातलं आहे. प्रजासत्ताक दिनाला मैदानावर तिचा सत्कार झाला, टाळ्या पुष्कळ पडल्या. गुणी मुलगी आहे. सांगितलेलं ऐकते, माझं डोकं दुखलं तर न सांगता बाम आणून देते, रात्री माझ्या पांघरुणात शिरते. घरातला सगळा स्वयंपाक मी अळणीच करते, मलाही आता सवय झाली आहे. एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. तिचा शाळेचा गणवेश मी नळाच्या गोड्या पाण्यात धुते, गच्चीवर वाळत घालते, आणि वाळला की त्याच्या गळ्यापाशी मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते. झटकली की पडते. पुढच्या धुण्याला पुन्हा असते.

खारशेतला मी त्यानंतर गेले नाही. भात कापून झालं, झोडून झालं, ठमाबाईनं नव्या तांदळाची पिशवी पाठवली. बांध चांगला राहिला आहे असं विनेश सांगतो.

त्या दुपारी मी त्या मुलीला हात देते म्हणून बसले होते. ती थांब म्हणाली होती आणि मी थांबले होते. उठताना, मी निघाले आहे एवढंही तिला सांगायचं राहून गेलं.